समोरच्या पार्टीचा डॉक्टर जेवून गेला

हॅलो? … हां, बोला लाडकुंवरकाकू, लताच बोलतेय… कोर्टातच आहे, जळगावला. जेवणाची सुट्टी झाली, बाररूममध्ये डबा उघडून बसलेय… नाही नाही, बोला. मीच लावणार होते तुम्हाला. आले होते का जामनेरला ते डॉक्टर?

आले… हं… आणि गेलेसुद्धा… छान झालं? छान म्हणजे काय झालं, काकू? … एकदम खूश होऊन गेले? अहो, ते खूश व्हायला थोडेच आले होते? तुमच्या सुनेला, पलकला तपासायला आले होते.

थांबा. पहिल्यापासून सांगा… गाडी गल्लीत वळेना म्हणून रोनक चौकात घ्यायला गेला. बरं… मग? … नाश्ता. कसला नाश्ता? … कचोरी, मूगडाळीचा शिरा… हो… आणि वर जेवायलाच बसवलं? दालबाटी? … हो, ते नको नको म्हणत होते, तुम्ही आग्रहाने, मनुहार करकरून वाढलं. 'आमच्या दारातून पाहुणा उपाशी जात नाही.' … काकू. काकू, अहो ऐका ना! तो पाहुणा नव्हता! समोरच्या पार्टीचा डॉक्टर होता तो!

योगेंद्र, थांब रे भाऊ, फोन चालू शे. ती फाईल ठेव तिथे… तुम्हाला नाही, काकू, माझ्या ज्युनिअरला म्हणतेय. तुमच्याशी मला अजून पुष्कळ बोलायचंय.

हो, मोठे डॉक्टर आहेत, माहीत आहे मला. मानसोपचारातले मोठे आहेत म्हणूनच आपण ज्यांच्यावर केस केलीय त्या साडीसेंटरवाल्यांनी त्यांना शोधून आणलंय. तज्ज्ञ साक्षीदार म्हणतात त्याला. उद्या हा माणूस पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगणार, की पलकच्या मनाला खरंच इजा झालीय की बाई उगाच कांगावा करतेय. आपल्या देवपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, की ती बंद जागेत बसू शकत नाही, तिला झोप नाही, दचकून उठते? ते खोडायला आला होता हा. आणि तुम्ही त्याला बाटीवर तूप सोडलंत!

… असू दे, जेवणाचं जाऊ द्या. पलक कुठे होती? … वाढत होती. कोण? पलक? … नवीन बांधणी नेसून. हातात बांगड्या, केसात गजरा. आणि हसून बोलत होती… 'एवढी छान बोलली, लताबाई, तुम्ही बघायला पाहिजे होतं.' … मी कशी बघणार? दोन्ही बाजूच्या वकिलांनी यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. नसता तर मी उंबऱ्यातच आडवी पडले असते!

आता हे रिपोर्टात कसं येणार, सांगू? 'पेहराव नीटनेटका, चेहरा प्रसन्न, आल्या-गेल्याचं स्वागत स्वतः करतात.' झालं. अशा बाईला कसली मनाची इजा?

बरं, मला एक सांगा. ओसरीत ती खाट असते ना तिची, उघड्या दाराशी? ती तरी बघितली का त्यांनी? … काढली. कुठे काढली? … गच्चीवर नेऊन ठेवली. का? … 'ओसरीत अंथरूण पडलेलं बरं दिसत नाही.' … आणि बाथरूमची कडी? ती काढून टाकली होती आपण, आतून लावली की तिला श्वास घेता येत नाही म्हणून. त्या दाराला नुसती भोकं राहिली होती, ती मी स्वतः पाहून गेले होते… सुताराला बोलावून परत बसवली?! … नवीन. पितळी.

अगं आई गं… बठ्ठं वाटोळं करी टाकं!

आणि गोळ्या? … कपाटात. कुलपात. वा.

काकू, मी काय सांगितलं होतं? घर आहे तसं ठेवा, असंच सांगितलं होतं ना? … 'परका माणूस येणार, आहे तसं कसं ठेवायचं?' … अहो, पण तो आहे तसंच बघायला येणार होता! पलकचा पाय मोडला असता तर मी एक्स-रे दाखवला असता जजसाहेबांना. इथे कसला एक्स-रे दाखवू? अंगावर ओरखडा नाही. समोरचा वकील प्रत्येक तारखेला तेच म्हणतो, 'ओरखडासुद्धा नाही, मग नुकसान कसलं?' तुमचं घर हाच एक्स-रे होता, काकू! ती खाट, ती कडी काढलेलं दार, फळीवरच्या गोळ्या. ही तपासणी घरी व्हावी म्हणून भांडले कोण? मीच भांडले. कारण दवाखान्याच्या बंद केबिनमध्ये पाय टाकला की पोरगी पांढरीफटक पडते. आणि तुम्ही पुसून काढलंत सगळं. दिवाळी असल्यासारखं!

… हं… हं… काय? परत सांगा. ते डॉक्टर तुमच्या समाजातलेच निघाले? … आणि तुमच्या मुलीसाठी, आयुषीसाठी जे धुळ्याचं स्थळ बघताय, त्यांच्याकडे त्यांचं जाणं-येणं आहे. अच्छा. अच्छा, म्हणजे असं आहे होय. घरात मानसिक आजार आहे हे त्या मंडळींच्या कानावर जाऊ नये म्हणून हा सगळा थाट… नाही, तुम्ही बोलला नाहीत तसं, मीच म्हणतेय. खोटं आहे का?

बरं, तपासणी चालू असताना खोलीत कोण होतं? … तुम्ही. पूर्ण वेळ? … कोर्टाने काय म्हटलं होतं? पलक आणि डॉक्टर, दोघंच. त्यांनी तुम्हाला बाहेर जा म्हटलं नाही? … म्हटलं. आणि तुम्ही म्हणालात, 'आमच्या घरची सून परपुरुषासमोर एकटी बसत नाही.' आणि ते मानले? एवढा नावाजलेला तज्ज्ञ, शिरा खाऊन कोर्टाचा हुकूम विसरला? ठीक आहे. त्याला मी सोडत नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच. सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून मनातलं सांगते हो, डॉक्टर? कुठल्या पुस्तकात लिहिलंय? … तुम्ही रागावू नका. रागावायची पाळी माझी आहे आज.

… अजून आहे? … निघताना काय दिलंत? … शाल. श्रीफळ. आणि सुकामेव्याचा डबा.

काकू, मी डोकं धरून बसलेय. हे तिकडे चार वकील माझ्याकडे बघतायत… घेतलं त्यांनी? … शाल परत केली, डबा नेला. वा! रीत आहे, कळतं मला. पण कोर्टात याला रीत म्हणत नाहीत. 'वादीच्या घरच्यांनी साक्षीदाराला भेट दिली' असं म्हणतात. समोरच्यांच्या तोंडून हे निघायच्या आधी आता मलाच लेखी कळवावं लागणार, की साहेब, आमच्या लोकांनी असा असा अडाणीपणा केला… हो, अडाणीपणाच. वाईट वाटलं तर वाटू द्या.

रोनक आहे का घरात? त्याला द्या फोन. … द्या म्हणते ना!

हां, रोनक. लताताई बोलतेय. तू काय करत होतास? … नाही, मला सगळं कळलं, कचोरीपासून डब्यापर्यंत. मी विचारतेय, आईने सुताराला बोलावलं तेव्हा तू काय करत होतास? … 'पपा म्हणाले.' अरे, लग्न तुझं पपांशी झालंय का? … डॉक्टर आत असताना कुठे होतास? … बाहेर. त्यांच्या ड्रायव्हरला चहा पाजत. वा रे गब्रू!

बसले कुठे होते ते? ओसरीत ना? … आतल्या खोलीत. ती एसीची? … रोनक, एसी लावला होता? … मग दार?

दार लावलं होतं? … लाकडी दार? कोणी लावलं? … 'गार हवा बाहेर जात होती.' … आणि पलक आत. बंद खोलीत. आणि हसत होती.

तुला काही वाटलं नाही? अरे, साडीसेंटरच्या त्या लिफ्टमध्ये काय झालं, हे काय मी तुला सांगायचं? दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात अडकली, धूर भरला, आणि तो म्हातारा लिफ्टमन, जीवराम, तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. दार बडवून बडवून हिचे हात सुजले आणि बाहेर लोक कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारत फिरत होते. तेव्हापासून ही पोरगी दार म्हटलं की थरथरते. आणि तुम्ही तिला त्याच माणसांच्या डॉक्टरसमोर दार लावून बसवलंत, गार हवेसाठी! आता तो शपथेवर सांगणार, 'बंद खोलीत बाई आरामात बसल्या होत्या.' यावर मी काय उत्तर देऊ? तूच सांग ना. तू बीकॉम आहेस, सांग!

… आता कशी आहे ती? … गाडी वळली तशी नळाखाली डोकं धरून बसली. उलट्या… बोलत नाही… आणि हे तुझी आई मला सांगायची विसरली का? मघापासून 'छान झालं, छान झालं' चाललंय!

दे तिला. जवळ जा आणि दे. ओरडू नकोस तिच्यावर… नाही, मीपण नाही ओरडणार.

पलक? … बेटा, मी लताताई. नसेल बोलायचं तर नको बोलूस, नुसतं ऐक… हं… हं… रड. रड तू आधी… मी आहे इथेच. डब्यातली भाजी गार झालीय, घाई नाही मला.

… हो… कळतं गं… मम्मीजींची मान खाली जाऊ नये म्हणून हसलीस… नाही, मी नाही रागावले तुझ्यावर. तुझ्यावर अजिबात नाही… काय? परत बोल… 'आता सगळे म्हणतील, आजाराचंच नाटक होतं.' … अगं, नाटक तू आज केलंस, बरं असल्याचं! … हो, मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही, तेच सांगायचंय आपल्याला.

हात? हाताला काय झालं? … टेबलाखाली. नखं रुतवून बसली होतीस… रक्त आलंय? दोन्ही तळव्यांना? … रोनकला म्हणावं औषध लाव… नाही, थांब, आधी फोटो काढ म्हणावं, मग औषध… माफ कर बेटा. वकिलाची जात, आधी पुरावाच दिसतो.

… काय म्हणालीस? … केस मागे घ्यायची? … का? … ऐकतेय मी… हं… 'मला त्यांच्याकडून काही नको होतं, ताई. मला फक्त कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं, की ही खोटं बोलत नाही.' … अगं, मग तेच तर मागतोय आपण कोर्टाकडे. एका डॉक्टरच्या एका रिपोर्टाने संपत नाही गं काही. डॉक्टर घटकाभर बघून जातो. मला घरातलं माणूस पाहिजे साक्षीला, तुला रात्री बघणारं. रोनक तर तुमच्या लहानग्या मननला घेऊन आत झोपतो ना? मग ओसरीत तुझ्याजवळ… पलक? हॅलो? कोणी घेतला फोन?

… नमस्कार, शेठजी. बरं झालं, तुम्हीच आलात… नाही, आवाज चढलेला नाही माझा, तो आहेच असा… हं… 'झालं ते झालं, आता हे प्रकरण मिटवा.' कोण म्हणतंय मिटवा? … तुम्ही. उत्तमचंदशेठ, वकीलपत्रावर सही कोणाची आहे? पलकची. वादी ती आहे. तुमचं जामनेरच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे, मान आहे, मला आदर आहे त्याचा. माझ्या लग्नातली पातेली तुमच्याकडचीच आहेत. पण पलकचे सासरे असलात तरी या केसमध्ये तुम्ही कोणी नाही! … हो, स्पष्ट बोलतेय.

… 'आमच्या घरच्या बायका कोर्टात उभ्या राहत नाहीत.' … बरं. मग लिफ्ट बंद पडली तेव्हा कशी उभी राहिली होती, तुमच्याच घरची बाई? तेव्हा खानदान कुठे होतं? … आयुषीचं स्थळ. बोलाच. मी वाटच बघत होते. 'घरात वेड आहे म्हटल्यावर कोण मुलगी घेईल?' … शेठजी, मी तुमच्या मुलीच्या वाईटावर नाही. पण मला एक सांगा, ज्या घराला आजारी भावजय चालत नाही, त्या घरात उद्या आयुषी आजारी पडली तर? तिची खाट कुठे टाकतील ते लोक? तिलाही हसायला लावतील, दार लावून? … नाही, उत्तर द्या.



… मागून कोण बोलतंय? काकू आहेत का? … त्यांना बोलू द्या, शेठजी. 'तू आत जा' काय? आत जाऊन जाऊनच हे झालंय. स्पीकरवर टाका फोन… टाका. मला तुम्ही दोघंही पाहिजेत.

हां, काकू. बोला, मोठ्याने बोला… घाबरू नका, मीही तुमच्यावर खूप ओरडले आज… हं… तुम्ही. तुम्ही असता रात्री तिच्याजवळ? ओसरीत? … खाली चटई टाकून. लिफ्टचं झालं तेव्हापासून? … हं… काय? झोपेत उठते? … झोपेतच चालायला लागते. रस्त्याने… एकदा बसस्टँडपर्यंत गेली होती. अनवाणी… आणि हे मला माहीत नाही? देवपूरच्या डॉक्टरांना माहीत नाही? … 'कोणाला सांगणार?'

मग आता कशी जात नाही? … काय बांधता? … तुमच्या पदराला तिच्या ओढणीचं टोक. गाठ मारून. रोज? … ती उठली की ओढ बसते आणि तुम्ही जाग्या होता. आणि मग? … मग तिचा हात धरून अंगणात फिरता. पहाट होईपर्यंत.

काकू…

शेठजी, हे ठाऊक होतं तुम्हाला? … नव्हतं. एका छपराखाली राहता तुम्ही, शेठजी! तुमची बायको रोज रात्री सुनेला स्वतःच्या अंगाला बांधून झोपते, आणि तुम्हाला सुताराची आठवण होते!

आणि काकू, तुम्हीसुद्धा! एवढं सगळं करता तुम्ही त्या पोरीसाठी, आणि त्या डॉक्टरला काय दिलंत? सुकामेवा! ही एक गोष्ट सांगितली असती त्याला, ही गाठ, तर त्याच्या घशाखाली बाटी उतरली नसती!

… नाही, रडू नका. मला तुमचं रडणं नको, साक्ष पाहिजे. पुढच्या तारखेला जळगावच्या कोर्टात यायचं आणि हेच सांगायचं. खाट, कडी, बसस्टँड, गाठ. डॉक्टर काय लिहायचं ते लिहू दे… शेठजी, तुम्ही मध्ये बोलू नका. मी त्यांना विचारतेय. काकू, याल?

… आयुषीचं काय, ते तुम्हीच ठरवा. मी त्यावर काही बोलत नाही… विचार करा… सोपं नाही ते. समोरचा वकील भर कोर्टात विचारेल. हळू आवाजात नाही विचारणार, पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं विचारेल. बघा हं, मीच विचारते आता त्याच्यासारखं. मी साडीसेंटरची वकील. 'काय हो बाई, तुमची सून वेडी आहे का?'

… शेठजींकडे बघू नका, ते तिथे नसणार उत्तर द्यायला…

… काय म्हणालात?

परत एकदा. मोठ्याने. शेठजींनाही ऐकू जाऊ द्या.

… 'आधी तुझ्या घरच्या सुनेला त्या लिफ्टमध्ये बसव. मग मला विचार.'

… काकू, साक्षीदाराने असं बोलायचं नसतं. प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. जज रागावतात…

… नाही. थांबा. बदलू नका एकही शब्द. अस्संच बोला. रागावू देत जजसाहेब, मी बघते.

ठेवते.